विश्लेषण : राजमाचीच्या वाटेवर जाणाऱ्या गाडीत एअर कॉम्प्रेसर कसा असावा?

लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणारी कच्ची वाट पावसाळ्यात चिखल आणि दगडगोट्यांची होते. फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचे चालक अशा वाटेवर टायरमधली हवा कमी करतात. ती परत भरण्याची सोय मात्र अनेकांकडे नसते. म्हणूनच कॉम्प्रेसर ही हौसेची नव्हे, सुरक्षेची वस्तू ठरते.

धोका नेमका कुठे?

हवा कमी असली की टायर पसरतो आणि पकड वाढते. पण तोच टायर डांबरी रस्त्यावर वेगात धावला की बाजूने सतत दबतो, तापतो आणि फुटू शकतो. मावळात कच्ची वाट संपली की थोड्याच अंतरावर द्रुतगती मार्ग लागतो. त्यामुळे हवा आधीच भरून घ्यायला हवी.

कोणता आकडा पाहावा?

खोक्यावर ‘150 पीएसआय’ असे ठळक छापलेले असते. या गाड्यांच्या टायरला साधारण 30 ते 35 पीएसआय पुरतात, त्यामुळे त्या आकड्याला भुलू नये. मिनिटाला किती लिटर हवा मिळते आणि पंप न थांबता किती वेळ चालतो, हे पाहावे. टायरची पोकळी 60 लिटर धरली, तर 18 वरून 30 पीएसआयवर न्यायला सुमारे 50 लिटर हवा लागते. चार टायरना 200 लिटर. मिनिटाला 35 लिटर देणारा पंप कागदावर हे काम सहा मिनिटांत करतो. प्रत्यक्षात दाब वाढला की प्रवाह घटतो आणि वेळ वाढतो. स्वस्त पंप तेवढ्यात तापून बंद पडू शकतो.

वीज कुठून घ्यावी?

लायटर सॉकेटचा फ्यूज बहुधा 10 ते 20 अँपिअरचा असतो. मोठे कॉम्प्रेसर 30 अँपिअर किंवा त्याहून अधिक ओढतात. त्यांना थेट बॅटरीवरून जाड वायर आणि फ्यूज हवा. पंप कायमचा बसवल्यास रिलेही. हवा भरताना इंजिन चालू ठेवावे.

कायमचा बसवावा का?

वर्षातून चार-पाच वेळा जाणाऱ्यांना बॅटरीला चिमटे लावून चालणारा सुटा पंप पुरेसा आहे. हवेवर चालणारा डिफरेन्शियल लॉक असेल किंवा दर आठवड्याला वाट तुडवायची असेल, तरच कायमच्या पंपाचा खर्च पटतो. तेव्हाही हवा ओढणारा फिल्टर पाणी-चिखलापासून उंचावर हवा. इतरांनी उरलेल्या पैशांत चांगला प्रेशर गेज आणि पंक्चर किट घ्यावे.