सहलीच्या नोटिशीतला ‘ऐच्छिक’ रकाना

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या की दहा-पंधरा दिवसांत पोरांच्या दप्तरातून सहलीची नोटीस निघते. परवा आमच्या धाकट्याच्या दप्तरातून निघाली. थीम पार्क, त्याला जोडूनच वॉटरपार्क, एक मुक्काम. वर सहलीची फी. खाली ‘ऐच्छिक’ असा रकाना आणि त्यात पाच चौकोन: फास्ट ट्रॅक, लॉकर, पाण्यातले कपडे, खाण्याचं जादा कूपन, फोटो. हवं तिथं खूण करा आणि पैसे वर्गशिक्षकांकडं जमा करा.

पाचही चौकोनांची बेरीज केली. मूळ फीच्या निम्म्याच्या वर गेली. म्हणून म्हटलं, यावर एकदा सविस्तर लिहावं. कारण हा हिशोब सोलापुरात घरोघरी चालतो, आणि प्रत्येक घर तो एकट्यानं, गुपचूप करतं. नाही म्हणायची लाज वाटते आणि हो म्हणायला खिसा साथ देत नाही.

खरं म्हणजे जत्रेचा हिशोब आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या येतो. संक्रांतीला होम मैदानावर गड्डा भरतो. आत जायला पैसे नाहीत. पाळण्याचे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे, ब्रेक डान्सचे वेगळे. पोराच्या हातात नोट ठेवली की ते सगळीकडं एक चक्कर मारतं, भाव बघतं आणि स्वतःच ठरवतं. पैसे संपले तरी गड्डा संपत नाही, फिरत राहता येतं, नंदीध्वज बघता येतात. थीम पार्कचा हिशोब उलटा. दारातच मोठं तिकीट, आतल्या राइड फुकट. आपण म्हणतो, सुटलो एकदाचे! आणि आत गेल्यावर कळतं की अजून खिसा बंद करायचा नाही.

हे काही आपल्याकडंच झालेलं नाही. अमेरिकेतलं डिस्नेलँड 1955 मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याचा कारभार बराचसा गड्ड्यासारखा होता. दाराचं तिकीट लहान आणि आतल्या राइडसाठी कुपनं. 1982 मध्ये कुपनं बंद झाली, एकच तिकीट आलं. 1999 मध्ये त्यांनी रांगेत उभं न राहता ठरलेल्या वेळी येण्याचा पास काढला, तो फुकट होता. 2021 मध्ये तो गेला आणि त्याच्या जागी पैसे भरून घ्यायचा आला. म्हणजे एकेकाळी तिकिटातच मिळणारी सोय बाहेर काढून वेगळी विकली. आपल्याकडं खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 मध्ये सुरू झालं, हैदराबादचं वंडरला 2016 मध्ये. दोन्हीकडं रांग टाळायचं वेगळं तिकीट मिळतं. विकणाऱ्यानं विकावं, तो त्याचा धंदा आहे. आपण काय घ्यायचं हे आपण घरून ठरवून जावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी घरच्या सहलीचं बोलतो, शाळेच्या सहलीचं नंतर.

फास्ट ट्रॅक. हा घ्यायचा की नाही हे तारखेवर आहे. पावसाळ्यातल्या मंगळवारी पार्क मोकळं असतं, तिथं फास्ट ट्रॅक म्हणजे रिकाम्या रस्त्यावर सायरन वाजवत जाणं. पण नाताळच्या आठवड्यात किंवा मे महिन्यातल्या रविवारी मोठ्या राइडला तासाची रांग लागू शकते. आपण सोलापूरहून जाणारी माणसं. खोपोली असो की हैदराबाद, 300 किलोमीटरच्या आसपास पडतं. रामोजी फिल्म सिटी तर हैदराबाद ओलांडून विजयवाडा रस्त्याला. पुण्यामुंबईचा माणूस म्हणू शकतो, राहिलं तर पुढच्या महिन्यात येऊ. आपलं तसं नसतं. पाच वर्षांत एकदा जाणाऱ्या घरानं गर्दीच्या दिवशी फास्ट ट्रॅक घेतला तर त्याला उधळपट्टी म्हणायचं कारण नाही. फक्त आधी दोन गोष्टी विचारा. कोणकोणत्या राइडला चालतो? आणि आपल्या पोराची उंची त्या राइडला बसते का? उंचीच्या पट्टीखाली उभं केल्यावर पोरगं दोन बोटं कमी भरलं, तर फास्ट ट्रॅकवालाही परत पाठवतात. आणि घेणार नसाल तर दार उघडल्या उघडल्या सगळ्यात मोठ्या राइडकडं चला. आधी नाश्ता, आधी फोटो करणारे लोक दुपारी रांगेत सापडतात.

लॉकर. वॉटरपार्कमध्ये घ्याच. मोबाइल, चाव्या, कोरडे कपडे एका जागी राहतात. नाहीतर आजी किंवा आई दिवसभर पिशव्या राखत बसते. दोनदा आमच्या आईचं तसं झालं. तिचंही तिकीट काढलेलं आणि ती एकदाही पाण्यात उतरली नाही. माणूस राखणीला बसवण्यापेक्षा लॉकर स्वस्त. पण घरटी एक पुरतो, माणशी नको.

पाण्यातले कपडे. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. ते इथूनच घेऊन जा. आणि टॉवेल? मित्रहो, सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अख्ख्या जगाचं अंग पुसणाऱ्या गावचा माणूस खिडकीवर उभा राहून भाड्यानं टॉवेल घेतो, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलंय. तो माणूस मीच होतो. एमआयडीसीतल्या यंत्रमागांची क्षमा मागून सांगतो, बॅगेत टॉवेल आधी टाका.

खाणं. बाहेरचं आत नेऊ देत नाहीत. त्यामुळं धपाटी, शेंगाचटणी आणि कडक भाकरी गाडीतच राहते आणि पार्किंगमध्ये झाडाखाली पंगत बसते. त्यात कमीपणा काहीच नाही. परत आत सोडतात का, हातावर शिक्का मारतात का, एवढं दारात विचारून घ्या. सगळे एकत्र आत जेवणार असाल तर आगाऊ घेतलेलं कूपन सुट्या खाण्यापेक्षा परवडू शकतं. मात्र घरात मधुमेहाचं किंवा पथ्याचं माणूस असेल तर त्याच्यासाठी कूपन घेऊ नका, ते वाया जातं.

पाण्याचं मात्र वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयानं 3 जानेवारी 2023 ला सिनेमागृहांबद्दल निकाल दिला. बाहेरचं खाणं आणू न देण्याचा हक्क मालकाला आहे, पण स्वच्छ पिण्याचं पाणी फुकट द्यावं आणि तान्ह्या मुलांचं खाणं आणू द्यावं, असं त्यात आहे. तो निकाल सिनेमागृहांपुरता आहे, हे खरं. पण त्यातलं साधं तत्त्व कुठंही लागू पडावं. दोन-तीन तासांच्या सिनेमाला जे पाणी फुकट, ते दिवसभर उन्हात फिरणाऱ्या पोराला का नको? चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावची आपण माणसं. पाण्याची किंमत आपल्याला कुणी शिकवू नये. पिण्याचं पाणी, प्रथमोपचार आणि वयस्कर माणसाला व्हीलचेअर या गोष्टी कुठंही ‘जादा’ म्हणून विकल्या जात असतील तर पैसे देण्याआधी भांडा.

फोटो. घेऊ नका. राइड उतरताना तुमचं किंचाळतं तोंड पडद्यावर दाखवतात, पोरं हट्ट करतात. घ्यायचाच तर सगळ्या घराचा एक घ्या. सगळे एकत्र असलेला फोटो आपल्या मोबाइलमध्ये नसतोच, काढणारा कायम बाहेर राहतो.

आता नोटिशीत किंवा पार्कच्या यादीत कधीच नसणारा जादा खर्च. माझ्या मते सगळ्यात आधी तोच करावा. आपले लोक रात्री अकराला गाडी काढतात, पहाटे-सकाळी पोचतात, दिवसभर पार्कात हिंडतात आणि त्याच रात्री परत निघतात. मुक्कामाचे पैसे वाचले म्हणतात. ड्रायव्हर दिवसभर पार्किंगमध्ये तापलेल्या गाडीत डोळा लागतो का बघत असतो. पहाटे तीन-चारला मोहोळच्या किंवा नळदुर्गच्या आसपास डुलकी लागते तेव्हा कुठला फास्ट ट्रॅक कामाला येत नाही. एक रात्र साधी खोली घ्या, ड्रायव्हरलाही झोपायला जागा द्या, नाहीतर दोन ड्रायव्हर न्या. हे पैसे जड वाटत असतील तर बाकीचे सगळे चौकोन रिकामे ठेवा, पण हा भरा.

आता शाळेचं.

घरच्या सहलीत रांग टाळायचे पैसे भरले तर सगळं घर एकत्र पुढं जातं. शाळेच्या सहलीत वर्ग फुटतो. गेल्या वर्षी आमच्या थोरलीच्या शाळेनं (नाव घेत नाही, आणि बहुतेक ठिकाणी हेच चालतं) असाच रकाना दिला होता. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीची आई विड्या वळते. तिनं सहलीची फी दोन हप्त्यांत भरलेली. त्याच्या वर जाणं शक्य नव्हतं. मी फास्ट ट्रॅकच्या चौकोनावर खूण करायला पेन काढलं तर पोरगी म्हणाली, “पप्पा, मला तो पट्टा असला तर मी तिच्यासोबत कशी बसणार?”

मी काही मोठा तत्त्वनिष्ठ माणूस नाही. पैसे तयार होते. आपल्या पोरीला उन्हात तास-तास उभं राहायला लागू नये, असंच मला वाटत होतं. पण या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. चौकोन रिकामा ठेवला. वर्गशिक्षिकांना विचारलं तर त्या म्हणाल्या, “सर, ऐच्छिक आहे, कुणावर सक्ती नाही.” बरोबरच आहे. ज्याला परवडतं त्याच्यावर सक्ती नाही आणि ज्याला परवडत नाही त्याला इच्छाच नाही, असं धरलं की सगळं ऐच्छिक होतं.

सहलीहून आल्यावर तिनं सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. पट्टावाल्या अकरा जणी सटासट सगळ्या राइड करून दुपारीच मोकळ्या झाल्या. काहींनी त्याच राइड दुसऱ्यांदा केल्या. मग संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिल्या, कारण बस एकच होती आणि ती सगळ्या आल्याशिवाय निघणार नव्हती. आमची पोरगी आणि तिची मैत्रीण चारच राइडमध्ये बसल्या. रांगेत गाण्यांच्या भेंड्या खेळल्या. सगळं गोड झालं असं मात्र सांगणार नाही. त्या मैत्रिणीनं रांगेत उभं असताना बाजूनं पुढं जाणाऱ्या वर्गमैत्रिणींकडं एकदाही बघितलं नाही, हेही आमच्या पोरीनंच सांगितलं.

कुणी म्हणेल, जगात हेच चालतं, पोरांना आत्तापासून कळू द्या. तिरुपतीला 300 रुपयांचं दर्शन आहेच की. आहे. पण आपल्याच जिल्ह्यात पंढरपुरात दुसरीही रीत आहे. पदस्पर्शाची रांग मोठी, मुखदर्शनाची लहान. ज्याला घाई आहे त्यानं लांबून मुख बघावं, ज्याला पायावर डोकं ठेवायचंय त्यानं थांबावं. दोन्हीला पैसे नाहीत. वेळ वाचवायचा तर थोडं काही सोडावं लागतं, आणि ते ज्याचं त्यानं सोडायचं. वशिल्यानं घुसणारे तिथंही आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्याला आपण सगळे वशिलाच म्हणतो, ‘ऐच्छिक’ म्हणत नाही. शाळेनं तरी निदान पंढरपूरची रीत ठेवावी. शाळेच्या सहलीला एसटी 50 टक्के सवलत देते ती वर्गातल्या प्रत्येक पोराला सहलीला जाता यावं म्हणून. त्याच बसमधून उतरल्यावर पोरांच्या दोन रांगा करायच्या, हे मला पटत नाही.

म्हणून या वेळी मी नोटिशीच्या मागच्या बाजूला तीन ओळी लिहून पाठवल्यात. एक, फास्ट ट्रॅक घ्यायचा तर सगळ्यांसाठी घ्या आणि तो फीमध्ये धरा, नाहीतर कुणालाच नको. गर्दी टाळायची असेल तर सहल नाताळच्या आठवड्यातून काढून साध्या मंगळवार-बुधवारवर न्या, म्हणजे फुकटात फास्ट ट्रॅक मिळतो. दोन, लॉकर, पाण्यातले कपडे आणि एक जेवण ज्याशिवाय भागत नाही ते ऐच्छिक नाही. ते मूळ फीत घाला, कर धरून एकच आकडा सांगा, म्हणजे ज्याला हप्ता पाडायचाय तो एकदाच पाडेल. तीन, पिण्याच्या पाण्याची सोय आणि दुसरा ड्रायव्हर आहे का, हे लेखी कळवा.

पालक-शिक्षक संघाची बैठक येत्या शनिवारी आहे. एकट्याच्या तीन ओळी केराच्या टोपलीत जातात, हे मला ठाऊक आहे. वीस पालकांच्या असल्या तर मुख्याध्यापकांना वाचाव्या लागतात. तुमच्याही घरी नोटीस आलीच असेल. भरून देण्याआधी तिची मागची बाजू बघा, ती कोरी असते.