घर-दार : सागवान कोणतं घ्यावं?

आपल्या भालकी-बसवकल्याण भागात घर बांधायला काढलं की स्लॅबपर्यंत सगळं बोलणं सिमेंट-सळईचं. चौकटीची वेळ आली की मात्र घरातला प्रत्येक जण सुतार होतो! दारं सागवानाचीच, यावर एकमत असतं. कोणतं सागवान, हे कोडं वखारीत गेल्यावर पडतं.

वखारवाला नावं घेतो: बल्लारशा, दांडेली, बर्मा आणि परदेशी लागवडीचं. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून अख्खे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, तेव्हा 'खास बर्मा' म्हणणाऱ्याला कागद दाखवायला सांगावं. माझं मत विचाराल तर नावापेक्षा गाभा बघावा. कापलेल्या तोंडाशी आतला सोनेरी-तपकिरी भाग म्हणजे गाभा. त्यात तेल असतं, म्हणून वाळवी सहसा शिवत नाही. कडेचा पांढरट भाग ती आवडीने खाते. लागवडीची झाडं लवकर तोडतात, त्यामुळे पांढरं जास्त निघतं. पॉलिशखाली सगळं एकसारखं दिसतं, म्हणून माल कोरा असतानाच बघून घ्यावा.

सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद, 5 बाय 3 इंची चौकटीला उंबऱ्यासह साधारण सव्वादोन घनफूट लाकूड लागतं. हा हिशोब खिशात ठेवूनच जा.

मागच्या दाराला, गोठ्याला वाळलेला निंब चांगला. बाभूळ औताची, गाडीची, दणके सोसते. पूर्वी बाभळीचे ओंडके कीड लागू नये म्हणून पाण्यात बुडवून ठेवत. दाराच्या फळ्यांना मात्र ती नको, जड होते.

अमेरिकेतल्या पुतणीला बागेतल्या बाकासाठी असाच पेच पडला होता: पांढरा ओक की लाल? लाल ओकच्या वाळलेल्या तुकड्यातून नळीसारखी फुंकर आरपार जाते. पांढऱ्याची छिद्रं आतून बुजलेली असतात, म्हणून दारूची पिंपं त्याची करतात. पावसात राहणाऱ्या बाकाला पांढराच, असं तिला कळवलं.

पण सगळ्यात चांगलं सागवान वखारीत नाही, आपल्याच पडक्या माळवदांत आहे. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर धास्तीने कितीतरी माळवदं उतरवली गेली. खरं तर त्या भूकंपात काही घरांच्या भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला.

माझ्या चुलतभावांचा आळंद तालुक्यातला वाडा आता पाडायचा ठरलाय. मोडीवाल्याने सगळं लाकूड उक्तं मागितलंय आणि धाकटा तयारही झाला होता. मी म्हटलं, "अरे, आधी घनफूट तर मोज. एवढी वर्षं वाळलेलं लाकूड, ते आता कशाला वाकतंय?" जुन्या लाकडात खिळे दडलेले असतात, करवतीचं पातं तुटतं, म्हणून मिलवाले कुरकुरतात. आधी लोहचुंबक फिरवून खिळे काढून द्यावेत. खाचांचा भाग वजा करून माप धरावं.

धाकट्याला पटलं. थोरल्या वहिनींचं म्हणणं वेगळंच आहे: पुढच्या दाराची चौकट कापायची नाही, विकायची नाही, कुणा एकाच्या नव्या घराला अख्खी बसवायची. कुणाच्या, हे त्या बोलत नाहीत. खांब आठ, वाटेकरी तीन. रविवारी टेप घेऊन मी जाणार आहे.