वृक्षरुहेला कुंडी मानवते काय?

दवाखान्याच्या आवारात छोटीशी औषधी वाटिका फुलविण्याची चांगली प्रथा आपल्या व्यवसायबंधूंमध्ये रुजली आहे. तुळस, अडुळसा, गुळवेल, शतावरी ही मंडळी कोठेही तग धरतात आणि वैद्याची लाज राखतात. अलीकडे मात्र याच वाटिकांमधून रास्ना म्हणून वांदा टेसेलाटा आणि केवळ शोभेसाठी सीतेची वेणी, अशी आमरी कुळातील रोपेही दिसू लागली आहेत. ती बहुधा लाकडाच्या तुकड्यावर बांधलेली येतात. पंधरा-वीस दिवस खिडकीच्या गजाला लटकतात. रोजच्या रोज पाणी घालण्याचा कंटाळा येतो, आणि मग कोणीतरी जाणकार सुचवितो की, कशाला हा खटाटोप, कुंडीत लावून टाका. लावले जाते. पुढे काय होते ते अनेकांनी पाहिले आहे: दोन-तीन महिन्यांत बुंधा काळा पडतो, पाने गळतात आणि पुढच्या वर्षी नवे रोप आणले जाते. ते नवे रोप कोठून येते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा प्रश्न तोच आहे, आणि त्याचे उत्तर कुंडीच्या प्रश्नाशी निगडित आहे.

प्रथम रास्नेविषयी थोडे. चरकाचार्यांनी वातहर द्रव्यांत रास्नेला अग्रस्थान दिले, पण ती रास्ना कोणती यावर आपल्यात आजही एकवाक्यता नाही. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने प्लुचिया लान्सिओलाटाची पाने ग्राह्य मानली आहेत. दक्षिणेकडे अल्पिनिया गलंगाचे कंद वापरतात. बंगालमध्ये वांदा टेसेलाटाची मुळे रास्ना म्हणून चालत आली. हा वाद येथे उकरून काढण्याचा हेतू नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की, ज्या द्रव्यावर इतका वाद घातला जातो ती वनस्पती जिवंत अवस्थेत, फुलासह आणि मुळांसह प्रत्येक वैद्याने एकदा तरी पाहिलेली असावी. त्या दृष्टीने दवाखान्यात वांदा असणे ही हौस नव्हे, तो आपल्या अभ्यासाचाच भाग आहे. पण मग ती वांदासारखी दिसली पाहिजे. काळ्या मातीच्या कुंडीत मान टाकून बसलेले रोप पाहून विद्यार्थ्याला द्रव्यगुणातील काहीही कळत नाही. एका महाविद्यालयाच्या वाटिकेत अशा तीन कुंड्या ओळीने मांडलेल्या पाहिल्या होत्या. पाट्या सुंदर होत्या. रोपे मेलेली होती.

वांदा या वंशनामाचा उगमही लक्षात घेण्याजोगा आहे. विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये ही वनस्पती वर्णिताना आपला संस्कृत वन्दा हाच शब्द घेतला आणि १८२० मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी तो वनस्पतिशास्त्रात रूढ केला. आपल्या निघंटूंत वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा हे पर्याय एकत्र येतात आणि ते मुख्यत्वे बांडगुळाला लावले जातात. येथेच लोकांचा घोटाळा होतो. बांडगूळ झाडाच्या सालीत शिरून त्याचा रस शोषते. ती खरी वृक्षादनी. वांदा झाडाला खात नाही. ती केवळ झाडावर बसते, म्हणजे निव्वळ वृक्षरुहा आहे. तिला झाडाकडून हवा असतो तो आधार, थोडी सावली आणि खेळता वारा. कित्येक बागाईतदार आंब्यावरची वांदा बांडगूळ समजून कोयत्याने उतरवून टाकतात. हे सारे तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, कुंडीत लावणाराही त्याच घोटाळ्याच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. एकाला वाटते हिला झाडाचा रस हवा, दुसऱ्याला वाटते हिला मातीचा रस हवा. वस्तुतः तिला दोन्ही नको आहेत.

या वनस्पतीचे मूळ हाती घेऊन पाहावे. कोरडे असताना ते चंदेरी पांढरे दिसते. पाण्यात बुडविले की काही क्षणांत हिरवे होते. हा पांढरा थर मृत पेशींचा बनलेला असून स्पंजासारखा असतो. पावसाची सर आली की तो पाणी धरून ठेवतो, आतल्या जिवंत भागाला देतो आणि वाऱ्याने पुन्हा सुकतो. ओला झाल्यावर तो पारदर्शक होतो आणि आतील हरितद्रव्य दिसू लागते, म्हणून मूळ हिरवे भासते. म्हणजे हे मूळ पाणी पिते, श्वास घेते आणि काही अंशी पानाचेही काम करते. त्याचा सारा व्यवहार भिजणे आणि सुकणे या फेऱ्यावर चालतो. कुंडीतील घट्ट मातीत यांपैकी भिजणे तेवढे उरते. स्पंजात पाणी साचून राहते, हवा शिरत नाही, मूळ गुदमरते आणि कुजते. मग पाने सुरकुततात. मालकाला वाटते रोप तहानले आहे. तो आणखी पाणी घालतो. आमरी पाण्यावाचून मरतात त्याहून अधिक अशा काळजीने मरतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्या शास्त्रात यासाठी नेमका शब्द आहे: ओकसात्म्य. सतत सेवनाने जे अंगवळणी पडले ते सात्म्य. हवेत वाढलेल्या मुळाला हवा सात्म्य झालेली असते. असे मूळ ओल्या भरावात कोंबले तर बहुधा कुजते. मात्र त्याच भरावात नव्याने फुटलेले मूळ तेथेच रुळते. सात्म्य बदलावयाचे तर ते एकदम बदलू नये, पादांशिक क्रमाने बदलावे, हे आपण रुग्णांना रोज सांगतो. वनस्पतीलाही हाच न्याय लावता येतो. ज्यांना लाकडावरचे रोप कुंडीत न्यावयाचेच असेल त्यांनी ते लाकडावरून ओढून काढू नये. चिकटलेली मुळे सोडविताना त्यांची साल निघते आणि टोके तुटतात, म्हणजे रोपाचा आधार आणि तोंड दोन्ही गेले. लाकडाच्या तुकड्यासह ते रोप जाळीच्या टोपलीत किंवा बाजूंना भोके असलेल्या मातीच्या कुंडीत उभे करावे आणि भोवती कोळशाचे व विटांचे मोठे तुकडे सैल सोडावेत. नवी मुळे आपली वाट शोधतात, जुनी हवेत राहतात. वर्षभराने लाकूड कुजले तरी रोपाला त्याची गरज उरलेली नसते. हे काम मुळांना हिरवी टोके फुटत असताना, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या आरंभापर्यंत करावे. हिवाळ्यात करू नये.

लाकडावरच ठेवणे श्रेष्ठ, असे माझे मत असले तरी त्याला देशाची मर्यादा आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर, आनूप देशात, वांदा किंवा सीतेची वेणी आंब्या-फणसाच्या खोडाला बांधावी आणि विसरून जावी. दोन पावसाळ्यांत ती झाडाची होऊन जाते. दवाखान्याच्या आवारात एखादे जुने झाड असेल तर लाकडाचा तुकडा, कुंडी, टोपली यांपैकी कशाचीच आवश्यकता नाही. माझ्या मते सर्वोत्तम जागा तीच. सोलापूर, बीड, जालना अशा जांगल प्रदेशात मात्र एप्रिल-मे महिन्यांत उघड्या लाकडावरचे रोप दिवसातून दोनदा भिजविले तरी दुपारपर्यंत कोरडे पडते, आणि दवाखाना सांभाळणाऱ्या माणसाला तेवढी सवड नसते. तेथील एका वैद्यमित्राने मला सुनावले होते, "तुमचे सह्याद्रीचे शास्त्र आमच्या उन्हाला सांगा." त्यांचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नाही. त्यांच्यासाठी कोळसा-विटांची सच्छिद्र कुंडी हाच योग्य पर्याय होय. आमचा विरोध मातीला आणि घट्ट भरावाला आहे, कुंडी या वस्तूला नाही. वांदा टेसेलाटा ही मुळात विदर्भाच्या शुष्क पानझडी जंगलातही राहणारी चिवट वनस्पती आहे, हेही या मित्रांनी ध्यानात घ्यावे. ती वाटते तितकी नाजूक नाही.

बांधण्याची रीत सोपी आहे. आंबा, जांभूळ किंवा फणसाचा सालीसकट वाळलेला तुकडा घ्यावा. रंग किंवा रोगण लावलेली फळी नको. रोपाचा बुंधा लाकडावर टेकवून जुन्या सुती साडीच्या पट्टीने किंवा नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट बांधावा, कारण हलते रोप मूळ धरीत नाही. तांब्याची तार वापरू नये, तांबे मुळांना बाधते. बुंध्याखाली नारळाच्या सोडणाचा तळहाताएवढा तुकडा चालतो. तो आधी दोन दिवस पाणी बदलत भिजवावा, म्हणजे त्यातील क्षार निघून जातात. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली मिळेल असे पूर्वेचे ठिकाण उत्तम. उन्हाळ्यात सकाळी पंधरा मिनिटे बादलीत बुडवून काढावे आणि सायंकाळी शिंपडावे. हिवाळ्यात दिवसाआड पुरते. पावसाळ्यात उघड्यावर असेल तर पाऊस आणि ते रोप आपसांत पाहून घेतात. पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचू देऊ नये. कूपनलिकेच्या जड पाण्याने मुळांवर पांढरा कठीण थर चढतो, तेथे पावसाचे पाणी साठवून वापरावे. खत द्यावयाचे झाल्यास अगदी पातळ करून, मुळे आधी साध्या पाण्याने भिजवून मगच द्यावे. जीवामृताच्या उत्साहात अनेकांनी मुळे जाळून घेतली आहेत.

हे सारे वांदा आणि सीतेची वेणी यांना लागू आहे, सरसकट सर्व आमरींना नाही. सह्याद्रीतील डेंड्रोबियम बार्बाट्युलम कोरड्या ऋतूत पाने टाकून निष्पर्ण कांडीवर फुलते; त्या काळात तिला पाणी घालीत बसणे म्हणजे उपवास करणाऱ्याला जेवू घालणे. आणि अष्टवर्गातील जीवक, ऋषभक, ऋद्धी, वृद्धी म्हणून ज्यांची ओळख सांगितली जाते त्या हिमालयीन आमरी जमिनीतच वाढतात. आपल्याकडील अमरकंद, म्हणजे युलोफिया, हाही भूमिरुह. त्यांना कुंडी योग्यच. एकाच कुळातील म्हणून एकच चिकित्सा करणे वैद्याला शोभत नाही.

आता तो सुरुवातीचा प्रश्न. मेलेल्या रोपाच्या जागी आलेले नवे रोप बहुतेक वेळा कोणीतरी जंगलातील झाडावरून ओरबाडलेले असते. आमरीच्या एका फळात अक्षरशः हजारो बिया असतात, पण त्यांत अंकुरासाठी साठविलेले अन्न नसते. विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याखेरीज निसर्गात बी रुजत नाही. त्यामुळे फांदीवरून एक जुने रोप उतरले की त्याची जागा भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. राखीव वनातून असे रोप काढणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या बाबतीत तर संपूर्ण आमरी कुळ साइट्स कराराच्या परिशिष्टांत आहे. निर्यात करणाऱ्या फार्मसीमालकांना हे सांगावयास नकोच. रोप घ्यावयाचे तर प्रयोगशाळेत बियांपासून वाढविलेले घ्यावे. बुरशीशिवाय बी रुजविण्याची पद्धत लुईस नडसन यांनी १९२२ मध्येच दाखवून दिली आहे, आणि आज अशी रोपे मिळतात. वादळात पडलेल्या फांदीवरचे रोप मालकाच्या परवानगीने उचलून दुसऱ्या झाडावर बांधण्यासही कोणी नाव ठेवणार नाही.

फार्मसीमालक मित्रांपैकी काहींनी विचारले आहे की, लाकडावर वांदा लावून रास्नेचा कच्चा माल काढता येईल काय. माझे उत्तर नकारार्थी आहे. ही वनस्पती वर्षाला मोजकी पाने आणि थोडी मुळे काढते. मुळे घेतली की रोप गेले. महारास्नादि क्वाथाच्या एका घाण्यासाठी किती रोपे मोडावी लागतील, याचा अंदाज मुळाचा एक सुका तुकडा तराजूत टाकला तरी यावा. औषधिकोशाने ग्राह्य मानलेले द्रव्य लागवडीतून मिळवावे. जैवविविधता कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीतील औषधी वनस्पतींना सवलत दिली आहे. तिचा लाभ घेण्यासाठी उगमस्थानाचे प्रमाणपत्र लागते. ते जंगलातून ओरबाडलेल्या मुळांच्या पोत्याला मिळत नाही. दवाखान्याच्या आंब्यावरची वांदा राहू द्यावी. उन्हाळ्यात ती फुलली की विद्यार्थ्यांना बोलावून दाखवावी आणि बाजारातून रास्ना म्हणून आलेले मूळ तिच्या शेजारी धरून पाहावे.