अगस्तीचे वचन आणि परतीचा प्रश्न

तमिळनाडूत कुंभकोणमच्या नजीक, कावेरीच्या खोऱ्यात, इन्नंबूर नावाचे एक लहान गाव आहे. सातव्या शतकातील अप्पर आणि संबंधर या शैव संतकवींनी ज्या क्षेत्रांवर पदे रचली त्यांत या गावाची गणना होते. येथील शिवाचे नाव एळुत्तरिनादर, म्हणजे अक्षर जाणणारा नाथ. संस्कृतात त्यालाच अक्षरपुरीश्वर म्हणतात. क्षेत्रपरंपरेनुसार अगस्ती ऋषीने तमिळ व्याकरणाचे पाठ याच देवाकडून घेतले. आजही लहान मुलांना अक्षरओळखीपूर्वी या देवाच्या दर्शनास आणण्याची प्रथा आहे. अभ्यासकांच्या दृष्टीने या कथेतील महत्त्वाची गोष्ट चमत्कार ही नसून अगस्ती हा तेथील मूळ रहिवासी नव्हता, ही आहे. तो उत्तरेकडून आलेला, नवी भाषा शिकण्यासाठी गुरूसमोर बसलेला आणि पुन्हा कधीही परत न गेलेला मनुष्य होता.

महाराष्ट्रात प्रवरेच्या काठी अकोले येथेही अगस्तीचा आश्रम दाखवितात. त्यामुळे परंपरेने आखलेली अगस्तीची वाट मराठी मुलखातूनच दक्षिणेकडे जाते, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याची कथा सर्वपरिचित आहे. सूर्याची वाट अडविण्यासाठी वाढत चाललेल्या विंध्याने त्याला वाट देण्याकरिता मस्तक लवविले, ऋषीने आपण परत येईपर्यंत असेच राहावे असे त्याला सांगितले, आणि तो परत आला नाही. बंगाली भाषेत ज्या प्रवासावरून मनुष्य परतत नाही त्याला 'अगस्त्ययात्रा' म्हणतात. परदेशी गेलेल्याने स्वदेशी परतावे की नाही, हा प्रश्न आज विमानतळाच्या आणि पारपत्राच्या भाषेत विचारला जात असला, तरी भारतीय मनाने तो फार पूर्वी या कथेच्या रूपाने विचारून ठेवला आहे.

या प्रश्नाची चर्चा मराठीत बहुधा नैतिक निवाड्याच्या स्वरूपात होते. परतणारा तो निष्ठावंत आणि न परतणारा तो सुखासीन, अशी सोपी विभागणी करून कथा, नाटके आणि वृत्तपत्रीय लेख आपापले निष्कर्ष काढतात. ही विभागणी इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. आणि ती पाहण्यासाठी कुंभकोणम आणि तंजावर या परिसराइतके योग्य ठिकाण दुसरे क्वचितच सापडेल.

तंजावरच्या मराठी वसाहतीचा आरंभच दोन भावांच्या दोन निर्णयांनी झालेला आहे. १६७० च्या दशकात व्यंकोजीने तंजावरचे राज्य हस्तगत केले. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकाच्या स्वारीवर आले, भावाची भेट झाली, वडिलोपार्जित दौलतीच्या वाटणीचा वाद झाला, आणि १६७८ मध्ये महाराज स्वदेशी परतले. व्यंकोजी मात्र तेथेच राहिला. उदासीन होऊन बसलेल्या या भावास महाराजांनी वैराग्य टाकून कर्तृत्वास लागण्याविषयी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्या पत्राचा भर पराक्रम आणि कर्तव्य यांवर आहे. तंजावर सोडून देशी परत ये, असा आग्रह त्यात नाही. मनुष्य कोठे आहे यापेक्षा तो जेथे आहे तेथे काय करीत आहे, हा प्रश्न त्या काळच्या एका थोर राज्यकर्त्यास अधिक महत्त्वाचा वाटला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढील पावणेदोनशे वर्षांत या वसाहतीने जे वाङ्मय निर्माण केले ते परतीची वाट पाहणाऱ्यांचे वाङ्मय नाही. शहाजी राजाने (कारकीर्द १६८४–१७१२) मराठीत नाटके रचली. त्याच्या नावावरील 'पंचभाषाविलास' नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एका रंगभूमीवर एकत्र येतात. दुसऱ्या सरफोजीने (कारकीर्द १७९८–१८३२) कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार घेऊन 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक लिहिले आणि त्यात जगाचा भूगोल सांगितला. डोंगरातून आलेल्या, गावोगाव हिंडणाऱ्या कुरवंजी स्त्रीच्या मुखी जगाच्या खंडांची माहिती घालावी, ही कल्पना ज्याच्या पूर्वजांनी देश सोडला होता अशाच राजास सुचली, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे. याच राजाच्या काळात, १८०३ मध्ये, बृहदीश्वराच्या देवळात भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविण्यात आले. तो प्रदीर्घ शिलालेख आपण कोठून आलो हे विस्ताराने सांगतो आणि ते सांगण्यासाठी चोळांच्या देवळाची भिंत वापरतो. मूळ न विसरणे आणि आलेल्या जागी ठाम उभे राहणे, या दोन गोष्टींत त्या लेखाच्या कर्त्यांना विरोध दिसला नाही.

१८५५ मध्ये तंजावरचा अखेरचा राजा शिवाजी पुरुष वारस न ठेवता वारला आणि राज्य खालसा झाले. ज्या आश्रयामुळे मराठी कुटुंबे तेथे राहिली होती तो आश्रय संपला. परतण्याचा निर्णय घ्यावयाचा तर हा काळ अनुकूल होता. परंतु बहुसंख्य कुटुंबे परतली नाहीत. ती इंग्रजी अमलातील कचेऱ्यांत आणि त्रावणकोर, म्हैसूर यांसारख्या संस्थानांत गेली. या पिढीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १८२८ मध्ये कुंभकोणम येथे जन्मलेले सर टी. माधवराव. घरी मराठी बोलणाऱ्या या गृहस्थांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. स्वतः माधवराव त्रावणकोरनंतर होळकरांच्या इंदूरचे आणि १८७५ पासून गायकवाडांच्या बडोद्याचे दिवाण झाले. दोनशे वर्षांनंतर एक तंजावरी मराठा मराठी राज्यकर्त्यांच्या मुलखात सन्मानाने येऊन पोहोचला होता. आजच्या भाषेत याला घरवापसी म्हणता आले असते. परंतु १८८१ मध्ये तरुण सयाजीरावांना त्यांनी राज्यकारभारावर दिलेली व्याख्याने इंग्रजीत होती, आणि १८८२ मध्ये दिवाणगिरी सुटल्यावर ते मद्रासला गेले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसच्या स्वागतसमितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि १८९१ मध्ये तेथेच त्यांचा देह पडला. त्यांच्या लेखी घर दक्षिणेकडे होते. मातृभाषेचा मुलूख आणि घराचा मुलूख हे एकच असले पाहिजेत, हा समज त्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही.

परतणाऱ्यांची चरित्रे पाहिली तर तीही या विभागणीस दुजोरा देत नाहीत. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास निधन पावल्या. त्यांच्या अस्थी पुढे अमेरिकेत पाठविण्यात आल्या आणि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. कुंभकोणमला वाढलेले श्रीनिवास रामानुजन १९१४ मध्ये केंब्रिजला गेले, १९१९ मध्ये आजारी अवस्थेत परतले आणि १९२० च्या एप्रिलमध्ये मद्रास येथे वारले. परतल्यानंतरच्या त्या एका वर्षातील त्यांची गणिताची पाने १९७६ मध्ये सापडली ती केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. एकाच्या अस्थी आणि दुसऱ्याची अखेरची पाने, दोन्ही पुन्हा समुद्रापार गेली. परतण्याने गेलेपण पुसले जात नाही, हे या दोन चरित्रांवरून स्पष्ट होते. परत येऊन मोठे कार्य उभे केलेल्यांत श्रीधर व्यंकटेश केतकरांचे नाव अग्रभागी येते. कॉर्नेलहून १९१२ मध्ये परतून त्यांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. तथापि त्याच केतकरांनी आपल्या एका कादंबरीस 'परागंदा' हे नाव दिले, ही गोष्टही विसरता येत नाही. परागंदा होणे म्हणजे देशोधडीस लागणे. यशस्वीपणे परतलेल्या विद्वानालाही न परतलेल्यांच्या अवस्थेवर लिहिण्याची आवश्यकता वाटली.

शिवाय परतण्याचा निर्णय ही सर्वांनाच उपलब्ध असलेली चैन नव्हती. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला आणि कावेरीच्या मुखाजवळील नागपट्टणम बंदरातून मलायाला गेलेल्या मजुरांनी परतावे की राहावे याचा विचार केला असेल. पण तो निर्णय करार, मजुरी आणि जहाजाचे भाडे यांनी केला. आजही कायदा या निर्णयात सहभागी असतो. परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाप्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्डाने येण्याजाण्याची आणि राहण्याची मोकळीक मिळते, परंतु मतदानाचा हक्क मिळत नाही आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. कावेरीच्या खोऱ्यातील असो वा कृष्णाकाठची, वडिलांनी विकलेली जमीन अशा परतणाऱ्या मुलाला पुन्हा विकत घेता येत नाही. परतीच्या चर्चेत माती हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. त्या मातीला सातबारा असतो, याचे भान त्या चर्चेत अभावानेच आढळते.

मग न परतणाऱ्याकडे काहीच दोष नाही काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. वरील विवेचन म्हणजे सुस्थितीतील स्थलांतरितांना दिलेले निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र ठरू नये. या आक्षेपाचे उत्तर अगस्तीच्या कथेतच आहे, मात्र त्यासाठी ती विंध्याच्या बाजूने वाचली पाहिजे. अगस्ती परतला नाही याबद्दल परंपरेने त्याला कधी दोष दिला नाही, कारण त्याने सूर्याची वाट मोकळी केली, आणि दक्षिणेच्या परंपरेप्रमाणे कावेरी आणली व भाषेला व्याकरण दिले. परंतु त्याने विंध्याला परत येण्याचा शब्द दिला होता. विंध्य अजून वाकलेला आहे. कथेत त्याला पुढे एकही वाक्य नाही. त्याला कोणी विचारलेही नाही. न परतणे हा दोष नव्हे. परतण्याचे वचन देऊन ते मोकळे न करणे, हा दोष होय.

स्थलांतरितांच्या घरांतून जी खरी हानी होते ती याच जागी होते. पुढच्या वर्षी येऊ, मुलांची शिक्षणे आटोपली की येऊ, निवृत्तीनंतर येऊ, अशा वायद्यांवर मागे राहिलेली वडीलधारी माणसे आपली उरलेली वर्षे बेतत असतात. घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, म्हाताऱ्यांनी दुसरीकडे राहावयास जायचे नाही, कारण मुलगा यावयाचा आहे. कोकणातील चाकरमान्याच्या बंद घराची ही कथा मराठी वाचकास परकी नाही. कुंभकोणमच्या आसपासच्या अग्रहारांतील कुलूपबंद घरांची कथाही तीच आहे. मुंबईचा चाकरमानी निदान गणपतीला आणि शिमग्याला येऊन कुलूप उघडतो. समुद्रापार गेलेल्याच्या बाबतीत तीही खात्री नसते. अशा घरातील आईला मुलगा येणार नाही हे कळले तर दुःख होईल, हे खरे. परंतु ते कळल्यावर तिला स्वतःच्या वार्धक्याची व्यवस्था स्वतःच्या मनाप्रमाणे करता येईल. अनिश्चित आशेने तिच्याकडून हा अधिकार काढून घेतला जातो.

इन्नंबूरची दुसरी क्षेत्रकथा या संदर्भात उद्बोधक ठरते. देवळाचा जमाखर्च लिहिणाऱ्या एका प्रामाणिक हिशेबनिसावर चोळ राजाने संशय घेतला, तेव्हा देवाने त्याचे रूप घेऊन राजापुढे चोख हिशेब मांडला आणि राजाची शंका फेडली. दक्षिणेत गेलेल्या मराठी माणसांपैकी अनेकांचा व्यवसाय मोडीत जमाखर्च लिहिण्याचाच होता. जेथे आलो तेथील भाषा शिकणे आणि जेथून निघालो तेथील हिशेब चुकता करणे, अशी स्थलांतरिताची दोन कर्तव्ये या एकाच देवळाच्या दोन कथांनी मांडली आहेत. १८०३ चा शिलालेख हे असा हिशेब उघडपणे मांडल्याचे उदाहरण म्हणता येईल: येथून निघालो, असे आलो, आणि येथे आहो. त्यात परतण्याचा वायदा नाही आणि मुळाचा विसरही नाही.

वाङ्मयेतिहासकारांवरही यातून एक जबाबदारी येते. मराठी नाटकाचा इतिहास अद्याप बहुधा १८४३ मधील विष्णुदास भावे यांच्या सांगलीच्या प्रयोगापासून सांगितला जातो आणि त्याहून सुमारे दीडशे वर्षे जुनी तंजावरी नाटके प्रास्ताविकात वा परिशिष्टात टाकली जातात. भावे यांच्यापासून अखंड व्यावसायिक परंपरा सुरू झाली हे मान्य केले तरी या मांडणीमागे एक न उच्चारलेली अट आहे. ती अशी की, मराठी वाङ्मय महाराष्ट्रात परत आले तरच ते मराठी. घराघरांतील स्थलांतरितांना आपण जी अट घालतो तीच येथे ग्रंथांना घातली जाते. पाच भाषांच्या शेजारात लिहिले गेलेले नाटक कोणत्या एका भाषेच्या इतिहासात परत पाठवावे हा प्रश्नच अप्रस्तुत आहे. ते जेथे लिहिले गेले तेथेच, तमिळ आणि तेलुगू शेजाऱ्यांसह, वाचले गेले पाहिजे. त्यासाठी मराठीच्या विद्यार्थ्याने तमिळ आणि तमिळच्या विद्यार्थ्याने मोडी शिकणे आवश्यक आहे, आणि भारतीय भाषांच्या विभागांना ही सोय करणे अशक्य नाही.

तंजावरी मराठी आजही काही घरांत बोलली जाते. बोलणाऱ्यांपैकी अनेकांना तिची लिपी वाचता येत नाही, आणि पुढची पिढी तमिळनाडूबाहेर, पुष्कळदा देशाबाहेर जात आहे. या तरुणांना परत कोठे या म्हणून सांगावयाचे? इन्नंबूरला, तंजावरला, की साडेतीनशे वर्षांपूर्वी सुटलेल्या एखाद्या देशावरील गावाला? त्यांना तसे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. जाताना घरातील वृद्धांना स्पष्ट शब्द द्यावा, आणि त्या वृद्धांच्या तोंडची मराठी ध्वनिमुद्रित होऊन लिहिली जाईपर्यंत तिच्याकडे पाठ फिरवू नये, एवढी अपेक्षा मात्र ठेवता येते. दुसरे काम विद्यापीठांनी त्यांच्या बरोबरीने अंगावर घेतले पाहिजे, कारण ते करू शकणारी माणसे आज वृद्ध आहेत.