लकाकी येते, थर जातो

दसरा जवळ आला की रबिंग-पॉलिशच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग लागते. पूजा व्हायची, झेंडूची माळ चढायची, तर गाडी कशी झळकली पाहिजे! उन्हाने पांढुरकी पडलेली सहा-सात वर्षांची गाडी सकाळी दुकानात सोडावी आणि संध्याकाळी तिच्या बोनेटमध्ये स्वतःचा चेहरा पाहावा, हे सुख काही हजार रुपयांत मिळते. दुकानाच्या पाटीवर ‘नव्यासारखी चमक परत’ असे लिहिलेले असते. त्यातला ‘परत’ हा शब्द तेवढा फसवा आहे. परत काहीच येत नाही. जे शिल्लक आहे, त्यातलेच थोडे घासून काढले जाते आणि खालचा ताजा पृष्ठभाग उघडा पडतो. चकाकी मिळते ती याची.

हे किती थोडक्यात बेतलेले असते, ते पाहण्यासारखे आहे. आजच्या गाडीच्या पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी रचना असते. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे फार तर दोन केसांच्या जाडीइतके भरते. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. उन्हातले अतिनील किरण शोषून घेणारी रसायने याच थरात मिसळलेली असतात. खालचा रंग टिकतो तो या थराच्या आडोशाने. यंत्राने केलेल्या एका जोरदार ‘कटिंग’मध्ये यातले दोन-चार मायक्रॉन सहज जातात. दर दसऱ्याला कटिंग करून घेणारा माणूस गाडीची निगा राखत नाही, तिची छत्री कुरतडतो.

घासल्याने चकाकी का येते, हा प्रश्न मोठमोठ्यांना पडला होता. न्यूटनला आपल्या परावर्ती दुर्बिणीचा आरसा डांबर आणि कथिलाच्या भुकटीने स्वतः घासावा लागला होता. १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’मध्ये त्याने मांडलेला तर्क सरळ होता: बारीक कणांनी घासल्याने ओरखडे नाहीसे होत नाहीत, ते डोळ्याला दिसणार नाहीत इतके लहान होतात. पुढे विसाव्या शतकात घर्षणाच्या उष्णतेने पृष्ठभाग क्षणभर मऊ होऊन पसरतो, अशीही मांडणी झाली आणि काही पदार्थांच्या बाबतीत ती खरी ठरली. पण गाडीचा क्लिअर कोट एकदा भट्टीत पक्का झाला की वितळून पसरत नाही. तिथे न्यूटनचाच हिशेब लागू पडतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. ओरखडे यापेक्षा बरेच मोठे असले की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि पृष्ठभाग भुरकट दिसतो. ते याहून लहान झाले की प्रकाश एका दिशेने परततो, आणि बोनेटमध्ये चेहरा दिसतो.

हे काम पूर्वी लोकरीच्या पॅडने होई. आता बहुतेक ठिकाणी फोमचे पॅड आले आहे. ते पॉलियुरेथेनचे असते. जर्मनीत १९३७ मध्ये ओटो बायरच्या चमूने शोधलेल्या या रसायनकुळातूनच गादीचा फोमही येतो आणि गंमत म्हणजे बऱ्याच गाड्यांवरचा क्लिअर कोटही. घासणारे आणि घासून घेणारे असे नात्यातलेच. फोमचा गुण असा, की त्याच्या उघड्या छिद्रांत पेस्ट धरून राहते, दाब सगळीकडे सारखा पडतो आणि लोकरीसारखे नवे ओरखडे फारसे उठत नाहीत. कडक फोम कापण्यासाठी, मध्यम फोम पॉलिशसाठी, अगदी मऊ फोम शेवटच्या हातासाठी. पिवळे, नारंगी, काळे असे त्यांचे रंग असतात, पण एका कंपनीचे पिवळे ते दुसऱ्या कंपनीचे पिवळे नव्हे. रंग पाहून पॅड उचलणारा कारागीर म्हणूनच फसतो.

फोम मऊ आहे, म्हणजे निर्धोक आहे, हा समज मात्र सोडायला हवा. कापतो तो फोम नव्हे. कापतो त्याच्यावरच्या पेस्टमधला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कण, आणि काठिण्याच्या मोह्स मापनात तो नवव्या पायरीवर, हिऱ्याच्या खालोखाल आहे. शिवाय फोम उष्णता वाहून नेत नाही. सात इंची पॅड मिनिटाला १,८०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याची कड ताशी साठेक किलोमीटर वेगाने रंगावरून जात असते. लोकरीतून थोडी हवा खेळते. फोमखाली मात्र निर्माण झालेली उष्णता रंगातच साचते. दाराची कड, बोनेटची धार, बंपरचा कोपरा इथे थर आधीच पातळ असतो आणि दाब एकवटतो. अशा जागी हात दोन क्षण जास्त रेंगाळला की क्लिअर कोट गेलाच. मग कितीही मऊ पॅड आणले तरी उपयोग नाही. तो भाग नव्याने रंगवावा लागतो.

गिऱ्हाइकाने ओळखायची एक सोपी खूण आहे. क्लिअर कोट असलेली गाडी घासताना पॅडवर पांढुरकी पेस्टच दिसली पाहिजे. लाल गाडीचे पॅड लाल होऊ लागले, तर वरचा थर संपून यंत्र रंगात उतरले असे समजावे. ॲम्बॅसेडर-पद्मिनीच्या काळातल्या साध्या रंगांवर क्लिअर कोट नसे. तिथे पॅड रंगणे साहजिक होते आणि रंगाचा थरही घासणे सोसणारा होता. जुन्या उस्तादांचा हात त्या रंगावर बसला. त्यांचे कसब खरे आहे, पण त्या सवयीचा जोर आजच्या गाडीला मानवत नाही.

मुळात गाडी इतकी भुरकट होते कशाने? उन्हाचा वाटा आहेच. पक्ष्यांच्या विष्ठेतले आम्ल, बोअरच्या जड पाण्याचे वाळलेले क्षार हेही आहेत. पण शहरातला मोठा अपराधी म्हणजे सोसायटीतली सकाळची पुसापुशी. एक बादली, एक फडके आणि पंचवीस गाड्या. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या किंवा जेमतेम ओल्या फडक्याने ते रोज गोल गोल घासले जातात. दिव्याखाली बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळे दिसतात, ती या फडक्याची सही. पुसणाऱ्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. महिन्याला एका गाडीमागे त्याला जे मिळते, त्यात दुसरी बादली आणि पाण्याची धार बसत नाही. गाडीवाल्याने रोज पुसून घेण्याऐवजी आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने धुऊन घेतली, तर पॉलिशच्या दुकानाची पायरी वर्षानुवर्षे चढावी लागणार नाही.

फायबरच्या होडीची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे. कोकणात लाकडी होडीला काजूच्या सालीचे तेल चोपडण्याची रीत होती. फायबरच्या होडीला तेल लागत नाही, म्हणून तिला काहीच लागत नाही असा समज रुजला. तिच्यावर जेलकोट नावाचा रंगीत पॉलिएस्टर रेझिनचा थर असतो, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे गाडीच्या क्लिअर कोटच्या दहापट. मालवण-तारकर्लीच्या उन्हात या रेझिनचा पृष्ठभाग तुटत जातो आणि हात फिरवला की खडूसारखी पूड हाताला लागते. पूड झाली म्हणजे थर मरू लागला. तो झिजत गेला की आतल्या काचेच्या धाग्यांपर्यंत पाणी पोहोचते, फोड येतात, होडी जड होते आणि कमकुवतही. म्हणून गाडीच्या बाबतीत जी बव्हंशी हौस आहे, ती होडीच्या बाबतीत निगा ठरते. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. त्या पुन्हा पाण्यात ढकलण्याआधी लोकरीच्या पॅडने पूड काढावी, मग फोमच्या पॅडने पृष्ठभाग बंद करावा आणि त्यावर मेणाचा हात द्यावा. मेण टाळले, तर उघडा पडलेला ताजा जेलकोट एका हंगामात पुन्हा खडू होतो. इथे पॅडला होडीचा रंग लागणारच, त्याने घाबरायचे कारण नाही.

मात्र हे सारे पाण्याच्या रेषेच्या वर. खाली शेवाळ आणि शिंपले रोखणारा जो रंग असतो, त्यात बहुधा तांब्याची संयुगे असतात. तो यंत्राने घासून पूड वाळूत सोडणे म्हणजे खाडीला विष पाजणे. एकेकाळी अशा रंगांत कथिलाची ट्रायब्युटिलटिन नावाची संयुगे वापरत. त्यांनी शिंपल्या-गोगलगाईंची इतकी दैना केली, की २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांवर बंदी आली आणि ती २००८ पासून लागू झाली.

पण या चकाकीचा सर्वांत मोठा हिशेब रंगावर नाही, माणसावर होतो. गाडी गिऱ्हाईक संध्याकाळी घेऊन जाते. यंत्र धरणारा पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कोंदट गाळ्यात उभा असतो. ओली पेस्ट यंत्राखाली वाळते आणि तिची धूळ होते. गच्च झालेले पॅड साफ करायला त्यावर हवेचा झोत मारला जातो, तेव्हा ती धूळ थेट तोंडावर येते. तीत रंगाचे कण आणि फोमचे तुकडे असतात. काही रबिंग कंपाउंडमध्ये अजूनही स्फटिकी सिलिका असते. ही सिलिका फुप्फुसांत राहून सिलिकोसिस घडवते आणि कर्करोगकारक म्हणून जागतिक पातळीवर पहिल्या गटात मोडते. जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात २०१७ पासून लागू झालेली ९० पीपीएमची शिशाची मर्यादा घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहे, वाहनांच्या आणि औद्योगिक रंगांसाठी नाही. तोंडाला बांधलेला रुमाल या बारीक धुळीपुढे निरुपयोगी आहे. एन-९५ मास्क काय असतो, हे करोनाने सगळ्यांना शिकवले. तो इथेही चालतो. पेस्टमधल्या द्रावकांच्या वाफा मात्र त्याने अडत नाहीत, त्यासाठी गाळ्यात वारा खेळता हवा.

दुसरे दुखणे हाताचे. यंत्राच्या कंपनांनी बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, हे ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या चुनखडी फोडणाऱ्या कामगारांत १९१८ मध्येच दाखवून दिले होते. थंडीत बोटे पांढरी पडणे ही त्याची ओळखीची खूण. आपल्या उकाड्यात ती सहज दिसत नाही, म्हणून आजार नाही असे वाटते. मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, रात्री हात जागवतो. युरोपीय संघाने २००२ मध्ये दिवसभराच्या कंपनांना मर्यादा घातली. आपल्याकडे तीन-चार माणसांचा गाळा कारखान्यांच्या कायद्याच्या कक्षेतही येत नाही. नव्या धाटणीची दुहेरी गतीची यंत्रे रंगाला सुरक्षित असतात, दाब वाढला की थांबतात, रंग जाळत नाहीत. हाताला बसणारी कंपने मात्र त्यांत सहसा अधिक. गाडी वाचवणारे यंत्र माणसाला जास्त थकवते, हे कोणत्याच जाहिरातीत लिहिलेले नसते.

जाहिरातींचा विषय निघालाच आहे तर ‘नाइन-एच’ सिरॅमिक कोटिंगबद्दलही. हे नऊ म्हणजे मोह्सचे नऊ नव्हे. हे पेन्सिलीचे काठिण्य आहे: ‘९एच’ शिशाच्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, इतकाच त्याचा अर्थ. पाणी ओघळून जाते, घाण कमी चिकटते, हा उपयोग खरा. रस्त्यावरची वाळू मात्र पेन्सिलीची नसते. आणि कोटिंगच्या आधी पृष्ठभाग ‘तयार’ करायचा म्हणून बहुधा एकदा कटिंग होतेच.

गिऱ्हाइकाने दोन गोष्टी मागायला काय हरकत आहे? रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र आता मोठ्या दुकानांत असते. पत्र्याच्या भागांवर ते काही सेकंदांत आकडा देते, प्लास्टिकच्या बंपरवर नेहमीचे यंत्र चालत नाही. घासण्याआधीचा आणि नंतरचा आकडा बिलावर लिहून मागावा. आधीचाच आकडा शंभराच्या बराच खाली असेल, तर कटिंगला साफ नकार द्यावा आणि मऊ पॅडचा हलका हात, वर मेण, एवढ्यावर भागवावे. दुसरे, यंत्र धरणाऱ्याच्या तोंडावर मास्क आहे का, हे गाडी सोडतानाच पाहावे. नसेल तर विचारावे. दोन-चार गिऱ्हाइकांनी विचारले की मालक पेटीभर मास्क आणून ठेवतो. एका गाडीच्या बिलात ती पेटी सहज निघते.