होरीचा स्वभाव आणि दातादीनचा हिशेब

प्रेमचंदांची ‘गोदान’ ही कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला तिचा लेखक निवर्तला. तेव्हापासून अवधातील बेलारी गावचा होरी हा भारतीय शेतकऱ्याचा प्रतिनिधी मानला गेला आहे. वर्गात आणि उत्तरपत्रिकांत त्याच्या कुटुंबाची स्वभावचित्रे जणू ठरून गेली आहेत : होरी सोशिक व देवभोळा, धनिया तोंडाळ पण मायाळू, गोबर बंडखोर. ही विशेषणे खोटी नाहीत. परंतु ती जन्मजात असल्याच्या थाटात सांगितली जातात, आणि मग होरीच्या दुर्दशेचे खापर नकळत त्याच्याच स्वभावावर फुटते.

मुळात होरी साधुपुरुष नाही. गाय मिळावी म्हणून तो विधुर भोलाला लग्न जमवून देण्याचे आमिष दाखवतो. बांबूच्या विक्रीत भावांच्या वाट्याचे चार पैसे दडवू पाहतो. व्यवहारातले डावपेच त्याला कळतात. असा माणूस सावकारापुढे मात्र हतबल का होतो? याचे उत्तर एका प्रसंगात आहे.

बैलासाठी दातादीनकडून घेतलेल्या ३० रुपयांचे आता २०० झाले आहेत. शहरातून परतलेला गोबर दरमहा शेकडा एक रुपया या दराने दहा वर्षांचा हिशेब मांडतो : व्याज ३६, मुद्दल धरून ६६, फार तर ७० घ्या. मुंबई इलाख्यात मान्य असलेल्या दामदुपटीच्या दंडकाने पाहिले, तर व्याज मुद्दलाहून अधिक मागता येत नाही. म्हणजे गोबरचा देकारही उदारच होता. दातादीन हिशेब खोडून काढत नाही. त्याची त्याला गरजच नसते. तो ब्राह्मणाच्या पैशाची भीती घालतो, आणि होरी पै न् पै फेडण्याचे वचन देऊन बसतो. हाच पैसा ठाकुराचा वा बनियाचा असता, तर त्याला एवढी धास्ती वाटली नसती. होरीची धर्मभीरुता ही येथे केवळ मनोवृत्ती राहत नाही. ती दातादीनपाशी असलेले तारण आहे. जमीन आणि बैल यांवर कर्ज देणारे पुष्कळ असतात; दातादीन ऋणकोच्या पापपुण्याच्या कल्पनेवर कर्ज देतो, आणि हे तारण कधी बुडत नाही.

मग माणसाचा स्वभाव ही निव्वळ आर्थिक परिस्थितीची सावली समजायची काय? डाव्या विचाराच्या वाचकाला हा निष्कर्ष सोयीचा वाटेल, परंतु धनिया तो टिकू देत नाही. घर तेच, कर्ज तेच, उपासमारही तीच. तरीही गावचे मुखंड दरोग्याला लाच देण्यासाठी होरीला पैसे उसने काढायला लावतात तेव्हा ती ते हिसकावून सर्वांसमक्ष उधळून देते. गरोदर झुनियाला हे दांपत्य घरात आसरा देते आणि पंचायत शंभर रुपये व तीस मण धान्य असा दंड ठोठावते. धनिया पंचांना तोंडावर सुनावते. होरी मात्र धान्य स्वतःच्या डोक्यावरून वाहून नेतो. तथापि त्याने झुनियाला घराबाहेर काढलेले नाही, हेही विसरता कामा नये. ज्या मर्यादाबुद्धीने तो दंड भरतो, तिच्याच पोटी हे आश्रयदान आहे. म्हणून होरीला सद्गुण सोडण्याचा उपदेश करणे व्यर्थ होय. प्रश्न त्या सद्गुणावर व्याज आकारणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

गोबरच्या बंडाचीही मर्यादा प्रेमचंदांनी ओळखली आहे. दातादीनला खडसावणारा हाच तरुण लखनौत टांगेवाल्यांना व्याजाने पैसे देतो. अन्याय कळणे आणि अन्यायाची रीत टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेच रायसाहेब अमरपालसिंहांचे. सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेले हे जमीनदार आपला वर्ग नष्ट व्हावा, असे होरीजवळ कळवळून बोलतात. आणि वेठीची माणसे जेवण मिळाल्याशिवाय कामाला तयार नाहीत, हे कानी येताच संतापाने लाल होतात. हा ढोंगीपणा म्हणावा, तर त्यांचे दुःखही खरेच आहे. पण वर्गाचा लाभ सुटत नाही तोवर विचार कितीही पुढारलेले असले तरी ते दिवाणखान्यातच राहतात.

शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाची चर्चा निघाली, की त्याची उधळपट्टी, दैववाद, लग्नकार्याचा हव्यास यांची यादी आजही पुढे केली जाते. ‘गोदान’चा शेवट या यादीला उत्तर देतो. होरी ऐषआरामाने बुडालेला नाही. तो रस्त्यासाठी खडी खोदताना उन्हाच्या तडाख्याने कोसळतो. गाय त्याला लाभत नाही, पण अंतकाळी गोदान करा, असे सांगणारे हजर असतात. सुतळी विकून आलेले वीस आणे, घरातली सगळी रोकड, धनिया दातादीनसमोर होरीच्या हातावर ठेवते आणि मूर्च्छित होऊन पडते. आयुष्यभर हिशेब मागणारी ही बाईही शेवटी त्याच वसुलीत ओढली जाते. तेव्हा होरीचा स्वभाव कसा होता, हे विचारण्याआधी त्या वीस आण्यांचे वाटेकरी कोण होते, हे विचारले पाहिजे.