दगड आकाशातला, निर्णय कोणाचा?

२०२५ च्या फेब्रुवारीत काही दिवस जगाच्या नकाशावर एक पट्टा काढला गेला होता. पूर्व पॅसिफिक महासागरातून निघून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक महासागर, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडीत तो दक्षिण आशियात येत होता, आणि त्यात सापडणाऱ्या शहरांच्या यादीत मुंबईचे नाव होते. '२०२४ वायआर ४' या नावाचा, सुमारे ६० मीटर व्यासाचा एक लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळलाच, तर तो या पट्ट्यात कोठेतरी आदळेल, एवढाच त्या नकाशाचा अर्थ होता. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील एका दुर्बिणीने त्याला प्रथम टिपले. १८ फेब्रुवारीस आघाताची शक्यता ३.१ टक्क्यांवर पोहोचली आणि पुढच्या आठवड्याभरात ती जवळजवळ शून्यावर आली. पौड गाव मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. तेव्हा हा विषय मुळशी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी 'आपला नव्हे' म्हणून सोडून देण्याजोगा नाही. महागाई, पाणीटंचाई, जमिनीची दलाली हे प्रश्न दारात उभे असताना आकाशातल्या दगडांची चिंता कशाला, असे म्हणणाऱ्यांचा रोष पत्करूनही आम्ही आज त्यावर लिहीत आहोत.

त्या दिवसांत वृत्तवाहिन्यांनी आधी भय विकले आणि मग विषय वाऱ्यावर सोडून दिला. शक्यता आधी वाढली का आणि एकाएकी कोसळली का, हे समजावून सांगण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली. परिणामी 'शास्त्रज्ञांनाच काही कळत नाही' असा समज मात्र सर्वत्र पसरला. वास्तविक येथे न कळण्यासारखे काही नाही. शिवारात संध्याकाळी एखादे वासरू हरवले आणि त्याच शिवारात एक उघडी विहीर आहे, असे समजा. प्रथम शोधाचे क्षेत्र पन्नास एकरांचे असते. त्यात विहिरीची जागा ती किती! माग काढीत क्षेत्र दहा एकरांवर येते, मग दोन एकरांवर, आणि विहीर अजून त्या दोन एकरांतच असेल तर भय वाढत जाते. मग खुरांचे ठसे ओढ्याच्या बाजूला गेलेले दिसतात आणि विहिरीचा प्रश्नच मिटतो. वासरू विहिरीच्या अधिक जवळ गेले होते असे नव्हे. आपले अज्ञान आक्रसत होते. लघुग्रहाच्या कक्षेचेही असेच आहे. नव्या निरीक्षणांनी अनिश्चिततेचा पट्टा अरुंद होत जातो, आणि पृथ्वी जोवर त्या पट्ट्यात असते तोवर तिचा वाटा वाढलेला दिसतो. पट्टा बाजूला सरकला की धोका संपतो. चढणारा आकडा हे गणिताचे अपयश नव्हते, ते गणित चालू असल्याचे चिन्ह होते.

निरीक्षणाची पद्धतही गूढ नाही. आकाशाच्या एकाच तुकड्याची काही मिनिटांच्या अंतराने छायाचित्रे घ्यायची. तारे जागचे हलत नाहीत, लघुग्रह सरकलेला दिसतो. ही मोजमापे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात असलेल्या 'मायनर प्लॅनेट सेंटर'कडे जातात आणि तेथून ती सर्व जगास खुली होतात. चिलीतील दुर्बिणीने पाहिलेला दगड दुसऱ्या रात्री दुसऱ्या खंडातील कोणीही पडताळून पाहू शकतो. ज्ञान खाजगी मालकीचे न राहता सर्वांचे राहिले की काय साधते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आपल्याकडच्या माणसांचाही या कामात हात आहे. १६ ऑगस्ट २०२० रोजी मोटारगाडीएवढा एक दगड हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून, पृथ्वीच्या पृष्ठभागापासून अवघ्या २,९५० किलोमीटर अंतरावरून निघून गेला. तोपर्यंत नोंदल्या गेलेल्या लघुग्रहांत इतक्या जवळून गेलेला दुसरा नव्हता. कॅलिफोर्नियातील पालोमार येथील दुर्बिणीच्या छायाचित्रांतून तो हुडकून काढला मुंबईच्या आय.आय.टी.तील कुणाल देशमुख आणि क्रीती शर्मा या दोन विद्यार्थ्यांनी, आणि तोही तो जवळून निघून गेल्यानंतर काही तासांनी. ही गोष्ट अभिमानाची आहे तशीच विचार करायला लावणारीही आहे. दगड लहान होता, वातावरणात शिरला असता तर तेथेच जळून गेला असता. परंतु येताना त्याला कोणीच पाहिले नव्हते. त्याच संस्थेने बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या सहकार्याने लडाखमधील हानले येथे २०१८ मध्ये ०.७ मीटर व्यासाची दुर्बीण उभी केली असून तिच्यावरूनही अशा लघुग्रहांचा पाठपुरावा केला जातो. त्याही आधी, १९८८ मध्ये, तामिळनाडूतील कावलूर येथून आर. राजमोहन यांनी एक लघुग्रह शोधला, त्याला रामानुजन यांचे नाव मिळाले. भारतातून लघुग्रहाचा शोध लागण्यास मध्ये शंभराहून अधिक वर्षे जावी लागली होती. मद्रासच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात जे काम चालत असे, ते पुन्हा हाती घेण्यास स्वतंत्र भारताला चाळीस वर्षे लागली, हे आपल्या विज्ञानधोरणास भूषणावह नाही.

धोका कल्पनेतला आहे काय? बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला जाऊन यावे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर ज्या काळ्या कातळात खोदले गेले, तोच कातळ मुळशीच्या डोंगरांचाही आहे. त्याच्या वयाविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. एका पद्धतीने ते पन्नास हजार वर्षांच्या आसपास येते, दुसरीने साडेपाच लाखांच्या पुढे. परंतु ते आकाशातून आलेल्या आघाताने झाले याविषयी आता वाद उरलेला नाही. ३० जून १९०८ रोजी सायबेरियातील तुंगुस्का येथे हवेतच झालेल्या स्फोटाने दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक अरण्य आडवे केले. पुणे जिल्ह्याचा सुमारे सातवा हिस्सा म्हणा. तेथे वस्ती जवळजवळ नव्हती. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेला दगड जेमतेम वीस मीटरांचा होता, तरी सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. बहुतेकांना खिडक्यांच्या काचा लागल्या, कारण लखलखाट पाहून ती खिडकीशी धावली आणि धक्क्याची लाट मागाहून आली. 'उजेड दिसला तर काचेपासून दूर राहा' एवढे एक वाक्य ठाऊक असते, तर कित्येकांचे डोळे आणि चेहरे वाचले असते. हा दगड सूर्याच्या दिशेने आला म्हणून कोणत्याही दुर्बिणीला दिसला नव्हता.

अशा आपत्तीत प्रथम माहिती लागते, क्षेपणास्त्र नव्हे. आणि माहिती मिळवण्याच्या बाबतीत जगातील श्रीमंत राष्ट्रांचा व्यवहार कसा आहे? अमेरिकेच्या काँग्रेसने २००५ मध्ये कायदा करून १४० मीटर व त्याहून मोठ्या लघुग्रहांपैकी नव्वद टक्के २०२० पर्यंत शोधून काढण्यास आपल्या अवकाश संस्थेला सांगितले. ती मुदत टळून गेली, आणि अंदाजे पंचवीस हजारांपैकी निम्म्याहूनही कमी सापडले आहेत. त्यासाठी आवश्यक असलेली अवरक्त किरणांची अवकाश दुर्बीण पैशाअभावी वर्षानुवर्षे मागे पडत राहिली. प्वेर्तो रिकोतील आरेसिबोची प्रचंड रडार दुर्बीण, जिने लघुग्रहांची अंतरे अत्यंत काटेकोरपणे मोजली, ती आधी तारा तुटून आणि अखेर १ डिसेंबर २०२० रोजी कोसळून नष्ट झाली. शस्त्रास्त्रांच्या अंदाजपत्रकात असल्या मुदती टळल्याचे क्वचितच ऐकू येते.

शस्त्रांचा विषय येथे ओढूनताणून आणलेला नाही. शीतयुद्ध संपताच, १९९२ मध्ये लॉस अलामोस येथे लघुग्रह अडवण्याच्या उपायांवर शास्त्रज्ञांची बैठक भरली, तीत हायड्रोजन बाँबचे जनक म्हणून ओळखले जाणारे एडवर्ड टेलर उपस्थित होते. शत्रू उरला नाही तेव्हा अण्वस्त्रांना आकाशात नवा शत्रू मिळाला! कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो यांनी १९९४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात याविरुद्ध इशारा दिला. ज्या तंत्राने दगड पृथ्वीपासून दूर लोटता येतो, त्याच तंत्राने तो पृथ्वीकडेही वळवता येतो, आणि असे तंत्र सज्ज ठेवण्याचा धोका दगडाच्या धोक्याहून मोठा ठरू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हांस हे म्हणणे आजही ग्राह्य वाटते. बाँबशिवाय काम भागते हे २६ सप्टेंबर २०२२ रोजी सिद्ध झाले आहे. 'डार्ट' हे यान डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळवण्यात आले आणि त्याचा परिभ्रमणकाळ ११ तास ५५ मिनिटांवरून सुमारे ३२ मिनिटांनी घटला. खर्च सुमारे ३२ कोटी डॉलर. मात्र अशा धक्क्याचा उपयोग व्हावा तर दगड वर्षे, किंबहुना दशके, आधी सापडायला हवा; म्हणजे गाडे पुन्हा निरीक्षणापाशीच येते.

यापुढचा प्रश्न तंत्रज्ञांचा नाही, तो राजकारणाचा आहे आणि त्यावर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी विचार केला पाहिजे. आघाताचा संभाव्य बिंदू हा एक ठिपका नसून पृथ्वीवरून गेलेली रेषा असते. दगडाला ढकलताना तो बिंदू त्या रेषेवरून सरकत जातो. ढकलणे अपुरे पडले, तर एका देशावरचे संकट उचलून दुसऱ्या देशावर ठेवल्यासारखे होईल. २०३२ च्या त्या रेषेवर नायजेरिया होता, भारत होता, बांगलादेश होता. यान पाठवू शकणारी बडी राष्ट्रे बहुतांशी रेषेबाहेर होती. कोणत्या दिशेने ढकलायचे हे ठरवताना नायजेरियाच्या शेतकऱ्याला कोण विचारणार? संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने चेल्याबिन्स्कनंतर इशारा देणारे एक आंतरराष्ट्रीय जाळे आणि मोहिमांचा विचार करणारा एक सल्लागार गट स्थापन झाला हे खरे. २९ जानेवारी २०२५ रोजी '२०२४ वायआर ४' विषयीची सूचना त्या जाळ्यानेच दिली. परंतु सल्ला म्हणजे निर्णय नव्हे, आणि कृतीचे अधिकार ज्यांच्याकडे याने आहेत त्यांच्याचकडे राहतात.

मुळशीच्या माणसाला हा प्रश्न नवा वाटू नये. १९२१ च्या रामनवमीला याच खोऱ्यात सत्याग्रह सुरू झाला, तो टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध. वीज मुंबईसाठी, बुडणारी गावे मावळ्यांची, आणि त्यांना न विचारता निर्णय झालेला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी जो सवाल केला तो धरणाच्या उंचीपुरता नव्हता. ज्याचे बुडणार त्याचे मत कोठे नोंदवले, असा तो होता. लघुग्रहांच्या बाबतीत तो सवाल भारताने संयुक्त राष्ट्रांत उपस्थित करावा. आघाताच्या रेषेवर येणाऱ्या देशांच्या संमतीविना कोणतीही मोहीम निघू नये आणि अण्वस्त्रांना या कामातून पूर्णतः वगळावे, असा आग्रह सरकारने धरला पाहिजे. बड्या राष्ट्रांच्या मेजवानीत एक खुर्ची मिळाली म्हणून आनंदून जाण्यात अर्थ नाही.

आकाशाच्या मालकीचेही असेच चालले आहे. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून लघुग्रहांवरून काढलेल्या खनिजांवर आपल्या नागरिकांचा व कंपन्यांचा हक्क मान्य केला; १९६७ च्या करारानुसार अवकाशावर कोणत्याही राष्ट्राला सार्वभौमत्व सांगता येत नाही, तेव्हा ही पळवाट होय. दुसरीकडे खाजगी कंपन्यांचे हजारो उपग्रह संधिप्रकाशाच्या वेळी छायाचित्रांवर रेघोट्या ओढतात, आणि सूर्याच्या बाजूने येणारे दगड शोधण्याची तीच तर वेळ! जमिनीवर पाहावे तर हिंजवडीचा आणि पुण्याच्या उपनगरांचा झगमगाट पौडच्या आभाळावर चढत आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने २०२४ मध्ये आपले आकाश अंधारे राखून मान्यता मिळवली. सह्याद्रीतील एकाही खोऱ्यास हे का साधू नये? दिवे लावू नका असे आम्ही म्हणत नाही. ते खाली पाहतील असे लावा, इतकेच.

भय आणि भक्ती यांचा बाजार हा या विषयाचा जुना सोबती. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रहीच्या धास्तीने देशभर यज्ञ झाले, जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब कोसळणार म्हणून खेडोपाडी घबराट उडाली. जग बुडाले नाही की त्याचे श्रेय यज्ञाला जाते, ही विसंगती जयंत नारळीकरांनी 'धूमकेतू' या कथेत फार मार्मिकपणे दाखवली आहे. अशी वेळ पुन्हा येणार आहे, आणि तिची तारीखही ठाऊक आहे. अपोफिस हा सुमारे ३४० मीटरांचा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ च्या रात्री, आपल्या घड्याळाप्रमाणे १४ तारखेच्या पहाटे तीनच्या सुमारास, पृथ्वीच्या पृष्ठभागापासून जवळजवळ ३२,००० किलोमीटरांवरून जाईल. दळणवळणाचे उपग्रह याहून दूर असतात. तो आदळणार नाही; २०२१ च्या रडार निरीक्षणांनी पुढील शंभर वर्षांची खात्री दिली आहे. पूर्व गोलार्धाच्या मोठ्या भागातून तो नुसत्या डोळ्यांनी दिसावा, असा अंदाज आहे. तोवर भाकिते सांगणारे आणि शांतिपाठाच्या पावत्या फाडणारे पौडच्या बाजारातही येतील. त्यांच्या आधी आपण पोहोचले पाहिजे. तालुक्यातील शाळांतून शिक्षकांच्या मदतीने व्याख्याने व्हावीत, अभ्यास शिबिरांत एक सत्र या विषयास द्यावे, पुण्याच्या हौशी आकाशनिरीक्षकांना दुर्बिणींसह गावोगाव बोलवावे. त्या रात्री बाबासाहेबांच्या जयंतीसाठी वस्त्यावस्त्यांतून माणसे मध्यरात्र उलटेपर्यंत जागीच असतात. त्यांना थोडे अधिक थांबवून, मैदानातले दिवे घटकाभर मालवून, आभाळाकडे पाहायला सांगण्याची तयारी आतापासून करावयास हवी.